बरे झालात ना? मग जाऊन या!

गेल्या वर्षी मृगाचा पाऊस सुरू झाला त्या सुमारास एका संध्याकाळी दवाखान्यात तिघेजण एकदम आत आले. वडील, आई आणि मुलगा. वडील म्हणजे आमच्या गावच्या हायस्कुलातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले अण्णा. वय ६१. आदल्या दिवाळीत त्यांना हृदयविकाराचा झटका आला होता. मिरजेला नेऊन अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला आणि आठवड्याने ते घरी आले. त्यालाही आता आठ महिने होत आले होते.

खुर्चीत बसता बसताच मुलगा म्हणाला, "डॉक्टर, आता तुम्हीच सांगा ह्यांना. म्हैसूरला जायचं म्हणतात. आम्ही सांगून थकलो."

अण्णा काही बोलले नाहीत. शाळेत चूक पकडली गेलेल्या मुलासारखे खाली बघत बसले. मी 'नको' म्हणेन याची घरच्यांना खात्री होती. किंबहुना त्याचसाठी त्यांना माझ्याकडे आणले होते.

मी रक्तदाब पाहिला, उत्तम होता. इकोचा रिपोर्ट पाहिला, हृदयाचे पंपिंग ५५ टक्के, म्हणजे जवळजवळ निरोगी माणसाइतके. रोज सकाळी चाळीस मिनिटे चालतात, दम लागत नाही, छातीत दुखत नाही, गोळी एकही चुकत नाही. मग मी त्यांना म्हटले, "अण्णा, शेजारच्या इमारतीचे दोन मजले न थांबता चढून या बरं." मुलगा बरोबर गेला. पाच मिनिटांनी दोघे परत आले. अण्णा बोलत बोलत आत आले. धापा मुलगाच टाकत होता.

मी म्हटले, "मिरजेच्या हृदयरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा. त्यांची हरकत नसेल तर माझीही नाही. जाऊन या."

मुलाचा चेहरा पडला. आईंनी पदराने डोळे पुसले. आजचा लेख या 'जाऊन या' विषयीच आहे.

वाचकहो, मोठ्या आजारातून उठलेला माणूस 'जरा कुठे जाऊन येऊ का?' असे विचारतो तेव्हा आम्हा डॉक्टरांना सर्वांत सोपे उत्तर कोणते असेल, तर 'इतक्यात नको.' या उत्तराला काही खर्च येत नाही. रोगी घरी राहिला आणि ठीक राहिला तर डॉक्टरांचे ऐकले म्हणून. आणि प्रवासात काही झाले तर 'डॉक्टरांनीच पाठवलं होतं' हा ठपका. 'नको' म्हटल्याने कोणाचे काय नुकसान झाले याचा हिशेब कुठल्याही केसपेपरवर लिहिला जात नाही. तो हिशेब मला एकदा तोंडी ऐकावा लागला, म्हणून आज लिहितो आहे.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या भागातल्या एक शिक्षिका होत्या. सगळे त्यांना 'बाई' म्हणत, मीही म्हणत असे. स्तनाचा कॅन्सर झाला. शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी झाली, किरणोपचार झाले. सगळे त्यांनी निमूटपणे सोसले आणि बऱ्या झाल्या. केस परत आले, शाळाही सुरू झाली. मामा वरेरकरांनी मराठीत आणलेल्या शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या त्यांनी लहानपणापासून वाचल्या होत्या. त्यांची एकच इच्छा होती: एकदा कलकत्ता पाहायचे, हुगळीच्या घाटावर बसायचे. मला विचारायला आल्या. मी म्हटले, "बाई, एवढ्या लांब? दोन दिवसांचा प्रवास. इतक्यात नको, पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी पुन्हा आल्या. तेव्हाही मी तेच म्हटले. त्या दोन्ही वर्षी त्यांची प्रत्येक तपासणी चांगली होती. माझ्याकडे 'नको' म्हणायला वैद्यकीय कारण एकही नव्हते. 'उगीच अंगाशी यायला नको' एवढेच कारण.

तिसऱ्या वर्षी रोग हाडांत उतरला. एकदा त्यांना घरी पाहायला गेलो असता बोलता बोलता त्या म्हणाल्या, "तेव्हा मी चांगली होते हो, डॉक्टर." स्वरात तक्रार नव्हती, म्हणूनच ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. कलकत्त्याला जाऊन त्यांचा रोग परत यायचा थांबला नसता. पण त्यांची ती दोन चांगली वर्षे माझ्या सोयीसाठी घरात गेली, हे खरे आहे.

तेव्हापासून मी माझा प्रश्न बदलला आहे. 'प्रवासात काही झालं तर?' हा प्रश्न विचारायलाच हवा. पण त्याच्या जोडीला 'नाही गेला तर काय होईल?' हेही विचारायला हवे.

काय होते ते आपण आपल्या घरांतून पाहतोच. झटक्यातून वाचलेल्या माणसाला घरची मंडळी फुलासारखी जपतात. भाजीची पिशवी उचलू देत नाहीत, स्कूटरची किल्ली लपवतात, न्हाणीघराचे दार आतून लावू देत नाहीत. गोळ्यांचा डबा बायकोच्या ताब्यात, पैशांचा व्यवहार मुलाच्या ताब्यात. येणारा-जाणारा आवाज खाली आणून विचारतो, "आता कसं आहे?" यात प्रेमच असते, नाही असे नाही. पण सहा महिने रोज असे ऐकले की बरा झालेला माणूसही स्वतःला रोगी समजू लागतो. हृदयविकाराच्या झटक्यानंतर साधारण पाचांपैकी एका रुग्णाला औषधोपचार लागावा इतके नैराश्य येते, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. असा खचलेला रुग्ण चालायचे सोडतो, गोळ्या चुकवतो, पुन्हा तंबाखूकडे वळतो, आणि मग हृदयही त्याची किंमत मोजते. मनाच्या दुखण्याला 'मनाचे खेळ' म्हणून सोडून देता येत नाही ते याचसाठी.

परक्या शहरात माणसाला 'आता कसं आहे?' असे कोणी विचारत नाही. तिथे तो रोगी नसतो. तो गिऱ्हाईक असतो, प्रवासी असतो, रस्ता चुकलेला पाहुणा असतो. रिक्षावाला त्याच्याकडून दहा रुपये जास्त घेऊ पाहतो आणि त्याला घासाघीस करावी लागते. पत्ता विचारावा लागतो, काय खायचे ते ठरवावे लागते. पुतण्याच्या किंवा मेहुणीच्या घरी जाऊन पडून राहिल्याने हे साधत नाही, कारण तिथे आजाराची बातमी आपल्याआधी पोचलेली असते. म्हणून मी म्हणतो, शक्य असेल तर नवे शहर पाहावे.

मात्र 'जाऊन या' म्हणजे 'उद्याच निघा' नव्हे. घाई केलेलेही मी पाहिले आहेत. विषमज्वराचा ताप उतरून चार दिवस झाले नाहीत तोच यात्रेच्या बसमध्ये बसलेला एक तरुण तिसऱ्या दिवशी ताप घेऊन परतला आणि पुन्हा पंधरा दिवस अंथरुणावर राहिला. तेव्हा कधी निघावे याचा एक ढोबळ अंदाज देतो. शेवटचा शब्द आपल्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचाच समजावा.

हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाच्या स्नायूला जी जखम होते ती भरून यायला सुमारे सहा आठवडे लागतात. त्या आधी सहलीचा विचार नको. त्यानंतर पंपिंग चांगले असेल, छातीत दुखत नसेल आणि दोन मजले न थांबता चढता येत असतील, तर बहुतेकांना प्रवासाला हरकत नसते. पंपिंग कमी असेल, पायांवर सूज असेल, रात्री उशा रचून झोपावे लागत असेल, तर मात्र आधी उपचार आणि मग प्रवास. बायपास झालेल्यांच्या छातीचे हाड सांधायला वेळ लागतो. त्यांनी तीन महिने चार-पाच किलोंपेक्षा जास्त वजन उचलू नये. म्हणजे बॅग दुसऱ्याने उचलायची, यात कमीपणा नाही.

केमोथेरपी चालू असणाऱ्यांची प्रतिकारशक्ती प्रत्येक डोसानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत सर्वांत खाली येते. त्या काळात गर्दी टाळावी. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर 'सकाळी बघू' म्हणू नये, त्याच रात्री रुग्णालय गाठावे. उपचार पूर्ण होऊन तपासण्या ठीक असतील, तर बाईंच्या बाबतीत मी केले तसे कोणी करू नये.

क्षयरोग्याने डॉक्टर 'आता संसर्ग नाही' असे सांगेपर्यंत बंद डब्यातून प्रवास करू नये; तो प्रश्न फक्त त्याचा नाही, शेजारी बसणाऱ्याचाही आहे. पुढे प्रवास करता येतो, पण गोळ्यांत खंड नको. सरकारी नोंदणीचा 'निक्षय' क्रमांक बरोबर असेल तर दुसऱ्या राज्यातल्या सरकारी केंद्रातही उपचार पुढे चालू ठेवता येतात. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर पहिल्या काही आठवड्यांत पुन्हा झटका येण्याचा धोका अधिक असतो. तो काळ घरीच काढावा. कावीळ, विषमज्वर, डेंग्यू यांनंतर भूक आणि झोप पूर्ववत होऊन वजन भरू लागले, की शरीर तयार झाले असे समजावे.

आता कुठे जावे? आपल्याकडे आजारपणात नवस बोलण्याची रीत आहे. "हे उठून बसू देत, ह्यांना केदारनाथला घेऊन जाईन." श्रद्धेविषयी मला काही म्हणायचे नाही. पण केदारनाथ समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. तिथली हवा विरळ, थंडी कडाक्याची, वाट चढाची. झटक्यातून नुकत्याच उठलेल्या हृदयाला ती परीक्षा फार कठीण जाते. देव एक वर्ष थांबतो, रागावत नाही. जवळच्या जेजुरीलाही पायऱ्या आहेतच. पहिल्या खेपेला सपाटीवरचे, बऱ्या हवेचे, जवळ चांगले रुग्णालय असलेले शहर निवडावे.

अण्णांनी निवडलेले म्हैसूर या दृष्टीने चांगले निघाले. शहर सुमारे पावणेआठशे मीटर उंचीवर, म्हणजे हवा थंडसर पण विरळ नाही. मिरजेहून थेट गाडी आहे. जयदेव या सरकारी हृदयरोग संस्थेचे रुग्णालय शहरातच आहे. नव्या गावी जाताना हॉटेलच्या आधी रुग्णालयाचे नाव आणि पत्ता कागदावर लिहून घ्यावा. मग तो कागद खिशात ठेवून विसरून जावा.

निघण्यापूर्वी मी अण्णांकडून काही गोष्टी करून घेतल्या. त्या सर्वांच्याच उपयोगाच्या आहेत.

औषधे जितक्या दिवसांचा प्रवास त्याच्या दुप्पट घ्यावीत आणि दोन ठिकाणी ठेवावीत. निम्मी हातातल्या पिशवीत, निम्मी सोबत्याकडे. मोठ्या बॅगेत ठेवू नयेत, कारण बॅग हरवते ती नेमकी औषधांची. स्टेंट बसवलेल्यांना रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारणपणे वर्षभर असतात. त्या प्रवासाच्या गडबडीत राहून गेल्या तर स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि तो जिवाशी खेळ आहे. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. कंपनीचे नाव परगावच्या दुकानात मिळेलच असे नाही. डिस्चार्ज कार्ड आणि शेवटचा ईसीजी यांच्या प्रती बरोबर ठेवाव्यात, मोबाईलमध्ये फोटोही काढून ठेवावा. जुना ईसीजी हाताशी असला की नवीन डॉक्टरला नवे-जुने चटकन ओळखता येते.

जिभेखाली ठेवायची गोळी दिली असेल तर ती खिशात हवी, खोलीवरच्या कपाटात नव्हे. छातीत दुखल्यास खाली बसून घ्यावी, कारण तिने रक्तदाब उतरतो आणि उभा माणूस चक्कर येऊन पडतो. पाच मिनिटांत आराम पडला नाही तर १०८ ला फोन करावा. हा क्रमांक महाराष्ट्रात चालतो तसा कर्नाटकातही चालतो. रेल्वेत मदत लागली तर १३९.

रेल्वेचे तिकीट काढताना वय नीट लिहावे. ज्येष्ठ नागरिकांची भाड्यातली सवलत २०२० च्या मार्चमध्ये बंद झाली. पण साठीपुढच्या पुरुषांना आणि ४५ वर्षांपुढच्या स्त्रियांना शिल्लक असेल तर खालचा बर्थ मिळतो. सलग चार तासांहून अधिक बसून राहिल्यास पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, विशेषतः शस्त्रक्रिया किंवा कॅन्सर झालेल्यांना. म्हणून तासा-दीड तासाने डब्यात एक फेरी मारावी, बसल्या जागी घोटे हलवावेत. लघवीला जावे लागेल म्हणून पाणी न पिण्याची आपल्या बायकांची सवय प्रवासात सर्वांत वाईट.

विमानाने जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की विमानातली हवा सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखी असते. ज्यांचे हिमोग्लोबिन फार उतरले आहे किंवा फुप्फुसाचा आजार आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर विमान कंपनी प्रमाणपत्रही मागते.

मधुमेह्यांनी पाय सांभाळावेत. म्हैसूरच्या राजवाड्यात पादत्राणे बाहेर काढावी लागतात, देवळांतही तेच. पायांची संवेदना कमी झालेल्याला तापलेल्या फरशीने फोड आला तरी कळत नाही. पायमोजे घालावेत, शक्यतो सकाळी जावे आणि रात्री खोलीवर तळपाय स्वतः पाहावेत. इन्शुलिन उन्हातल्या गाडीत ठेवू नये.

आणि शेवटची अट मी अण्णांना घातली ती अशी: प्रवासी कंपन्यांची 'एका दिवसात सात ठिकाणे' नकोत. सकाळी एक ठिकाण, दुपारी झोप, संध्याकाळी एक ठिकाण. चामुंडी टेकडीला हजारएक पायऱ्या आहेत. पण वरपर्यंत रस्ताही आहे, बस जाते. देवीला दोन्ही वाटा सारख्याच. राजवाडा पाहायचा तर रविवार गाठावा, त्या संध्याकाळी त्याच्यावर लाखभर दिवे लागतात आणि ते पाहायला एका जागी नुसते उभे राहावे लागते.

ऑगस्टमध्ये नवरा-बायको दोघेच गेले. मुलगा बरोबर निघाला होता, पण अण्णांनी त्याला स्टेशनवरून परत पाठवले. पाच दिवसांनी परतले आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात हजर. सगळे सुरळीत झाले असे नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बाजारात अण्णांना चक्कर आली. रक्तदाबाची गोळी घेतलेली, सकाळपासून पाणी नाही आणि उन्हात उभे. एका फुलवाल्याने स्टूल दिले, पाणी दिले. अर्ध्या तासाने बरे वाटले आणि ते खोलीवर जाऊन झोपले. संध्याकाळचे वृंदावन गार्डन रद्द केले. मला हे ऐकून काळजीपेक्षा समाधान वाटले. चक्कर का आली हे त्यांना कळले होते, पुढे काय करायचे तेही त्यांनीच ठरवले होते. तरी मी रक्तदाब उभ्याने आणि बसून तपासला, गोळीची वेळ बदलून दिली.

माझ्यासाठी त्यांनी म्हैसूरपाक आणला होता. तुपाने निथळणारा तो डबा हृदयविकाराच्या रुग्णाने डॉक्टरला द्यावा, हाही एक विनोदच. त्यांनी तिथे किती खाल्ला ते मी विचारले नाही.

निघताना अण्णांची पत्नी क्षणभर मागे थांबल्या. झोप येत नाही म्हणून त्या मला वर्षभरात तीनदा दाखवून गेल्या होत्या. म्हणाल्या, "डॉक्टर, एक सांगू? दिवाळीपासून रोज रात्री दोन-तीनदा उठून मी ह्यांच्या छातीवर हात ठेवून बघत होते, श्वास चालू आहे ना. म्हैसूरला तिसऱ्या रात्री एकदम उजाडलंच. मी उठलेच नव्हते."

त्या दिवशी मला कळले, की झटका एकाला येतो पण आजारी दोघे पडतात, आणि दुसऱ्याचा केसपेपर आम्ही काढतच नाही.

मुलांना आणि सुनांना माझी विनंती आहे: आई-वडिलांना जपा, पण त्यांना कपाटात ठेवू नका. माझ्या व्यवसायबंधूंनाही एक विनंती: 'नको' म्हणायचे असेल तर कारण सांगा, आणि 'कधी चालेल' तेही सांगा. नुसते 'पुढच्या वर्षी बघू' म्हणू नका. पुढचे वर्ष आपल्या हातात नसते.

आणि जे बरे झाले आहेत त्यांना: आपल्या डॉक्टरांकडे जा, दोन मजले चढून दाखवा आणि तारीख विचारून घ्या. तिकीट मात्र खालच्या बर्थचे काढा.